उन्हाळ्याची सुट्टी कोणाची?

(सिंदी मेघे येथे विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त केलेले भाषण)



समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले आणि विषय दिला 'शिक्षण आणि समाज'. विषय फार मोठा आहे. मी प्राध्यापक नाही. सूतगिरणीत साच्यावर उभा राहून, तुटलेला धागा सांधत माझी अर्धी हयात गेली. शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकलो ते रात्रपाळी संपल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून आणि तुमच्यासारख्यांच्या संगतीतून. म्हणून मी मोठ्या विषयाला हात घालत नाही. त्यातला एक लहानसा तुकडा घेतो. तो तुकडा म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. ही सुट्टी खरोखर कोणाला मिळते, एवढंच मला आज विचारायचं आहे.

आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. कारण सांगायला नको, आपलं ऊन सांगतं. नवतपा आपण सगळ्यांनी सोसला आहे. आता जून सरत आला. येत्या काही दिवसांत घंटा वाजेल. मुलांची दप्तरं निघतील, वह्यांना खाकी कव्हरं चढतील. पण मुलांबरोबर आणखी एक माणूस शाळेत परत जाणार आहे, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. ती म्हणजे शिकवणारी बाई. आपल्या मोहल्ल्यातही अशा लेकीसुना आहेत. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत, कोणी खाजगी शाळेत, कोणी अंगणवाडीत. लोक म्हणतात, 'मास्तरकीसारखी नोकरी नाही, दोन-दोन महिने सुट्टी!' मला सांगा, ह्या बायांची सुट्टी तुम्ही जवळून पाहिली आहे काय?

मी एका घरची पाहिली. नाव सांगत नाही, कारण त्या ताईंनी मला तशी ताकीद दिली आहे. वस्तीत सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मी वयाने मोठा म्हणून ताई म्हणतो. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतात. त्यांना एक मुलगी आहे, एक मुलगा आहे, घरी सासू-सासरे आहेत. सुट्टी लागली आणि पहिला आठवडा निकालपत्रकात गेला. मग पापड, कुरड्या, शेवया, सरगुंडे. मग नणंदेच्या घरचं लग्न. मग मुलाला ऊन लागलं. मग मतदार यादीचं काम. मे महिना संपत आला तेव्हा ताई मला म्हणाल्या, 'भाऊ, सुट्टी संपायला आली आणि मी एकदाही निवांत बसली नाही. तोंडातल्या तोंडात पुढच्या वर्षीचं वेळापत्रक म्हणून रायली.'

बंधूंनो, मी कामगार माणूस. सुट्टी म्हटलं की मला तिचा इतिहास आठवतो, कारण सुट्टी कोणी फुकट दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, 'दीनबंधू'तून लिहिलं. तेव्हा कुठे १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी उशिरापर्यंत झोपतो, ती झोप लोखंड्यांची देणगी आहे.

पुढे १९४२ साल आलं. १८ ते २० जुलैला नागपुरात, म्हणजे इथून दोन तासांच्या वाटेवर, अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. तिच्याच मांडवात २० जुलैला महिलांची परिषद झाली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. बाबासाहेबांनी तिथे सांगितलं की समाजाची प्रगती मोजायची तर मी स्त्रियांची प्रगती पाहतो. हे आपण दरवर्षी ऐकतो. पण त्या बायांनी कोणते ठराव केले ते आपण फार सांगत नाही. मिलमध्ये, विडी कारखान्यात, नगरपालिकेत, रेल्वेत काम करणाऱ्या बायांना हक्काची रजा मिळावी, असाही ठराव त्यांनी केला. पहा, ज्यांना शाळेचं तोंड दिसलं नव्हतं त्या आपल्या आज्यांना रजेची किंमत बरोबर समजली होती! त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्यांच्या काळात, १९४५ च्या दुरुस्तीने, कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी सुट्टीचा हक्क कायद्यात आला. १९४६ ला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याखाली वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस रजा असा हिशेब बसला. माझ्या पगारपत्रकावर मी तो हिशेब वर्षानुवर्षे पाहत आलो.

आता माझा साधा प्रश्न आहे. लोखंड्यांनी मिलला रविवार दिला. बाबासाहेबांनी कामगाराला भरपगारी रजा दिली. मग घरातल्या बाईचा रविवार कोण देणार? शाळा बंद झाली की तिची एक पाळी संपते, पण दुसरी पाळी बाराही महिने चालू. मिलमध्ये डबल पाळी केली तर ओव्हरटाइम मिळतो. इथे ओव्हरटाइमही नाही आणि रजेचा अर्ज द्यायला साहेबही नाही.

कोणी म्हणेल, भाऊ, सुट्टी मिळाली नाही तर बाई थकेल, एवढंच ना? नाही. तेवढंच नाही. शिकवणाऱ्या बाईला वाचायला वेळ मिळाला नाही तर नुकसान तिच्या एकटीचं होत नाही. तिच्या वर्गातल्या तीस मुलांचं होतं. ती मागच्या वर्षी जे सांगत होती तेच ह्या वर्षी सांगेल, आणि जे मूल मागच्या वर्षी मागे राहिलं तसंच मूल ह्या वर्षीही मागे राहील. ते मूल कोणाचं असतं? बंगलेवाल्याचं नसतं. ते आपलं असतं, आपल्यासारख्याच मजुराचं असतं.

तर ताईंच्या घरी पुढे काय झालं ते ऐका. त्यांचे सासरे रिटायर माणूस, जुने कार्यकर्ते. सुनेचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते एवढंच म्हणाले, 'सकाळचे नळ मी भरीन, चहाही मीच मांडीन. साडेसहापर्यंत तू खाली येऊ नको.' झालं! ताईंना पहाटे पाचपासून दीड तास मिळाला. गच्चीवर चटई टाकून त्या वाचायला लागल्या. शेजारच्या बाया म्हणाल्या, 'काहून वं मॅडम, सुट्टीत बी शाळा करून रायली का? आता कोणती परीक्षा हाय?' सासूबाईही पहिले दोन दिवस घुश्शातच होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, 'काय हाय वं त्या पुस्तकात?'

त्या पुस्तकात काय होतं? पहिलं पुस्तक होतं शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा'. शांताबाई १९२३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या महूद गावी, गरीब महार कुटुंबात जन्मल्या. शिकल्या आणि १९४२ साली सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. पहा, इकडे नागपुरात आपल्या बाया ठराव करीत होत्या आणि तिकडे त्याच साली एक बाई हातात खडू घेऊन वर्गात उभी राहिली होती. दहा वर्षं नोकरी केल्यावर, १९५२ ला, त्या पुण्याला दोन वर्षांच्या अध्यापन प्रशिक्षणाला गेल्या. पुढे जत तालुक्यात शिक्षण विस्ताराचं काम त्यांनी केलं. संसारात दुःख आलं, नवऱ्याने दुसरं लग्न केलं, तरी मुलं वाढवली, शिकवली. दलित पँथरचे नेते व कवी अरुण कांबळे हे त्यांचेच चिरंजीव. १९८१ ला त्या सेवानिवृत्त झाल्या आणि नंतर लिहायला बसल्या. पुस्तक १९८६ ला आलं. दूरदर्शनवर त्याच्यावर 'नाजुका' नावाची मालिकाही झाली. शांताबाई २०२३ च्या जानेवारीत, शंभरीच्या उंबरठ्यावर असताना, गेल्या.

ताईंनी ते पुस्तक चार सकाळींत संपवलं. मला म्हणाल्या, 'भाऊ, मला एकच गोष्ट लागून रायली. ह्या बाईला लिहायला निवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. चाळीस वर्षं तिच्या मनात हे सगळं होतं, पण बसायला जागा नव्हती.' मला वाटतं, ताईंनी बरोबर बोट ठेवलं. शांताबाई दीर्घायुषी होत्या म्हणून आपल्याला पुस्तक मिळालं. ज्या बाया साठीच्या आत गेल्या, त्यांच्या मनातली पुस्तकं त्यांच्याबरोबरच गेली.

दुसरं पुस्तक आपल्या नागपूरच्या कुमुद पावडे यांचं, 'अंतःस्फोट', १९८१ सालचं. कुमुदताई संस्कृत घेऊन एम. ए. झाल्या. ज्या समाजाला ती भाषा ऐकायचीही बंदी होती, त्या समाजातली मुलगी ती भाषा शिकवायला निघाली! पदवी होती, गुण होते, तरी नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, आडनाव बदललं आणि मग नोकरी मिळाली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे आणि ही नोकरी नेमकी कोणाला मिळाली, मला की आडनावाला, असा सवाल केला आहे. ताई त्यावर म्हणाल्या, 'मी हजेरी घेताना पूर्ण नाव वाचते. काही पोरं आडनाव ऐकलं की मान खाली घालतात. ह्या वर्षीपासून मी फक्त नावाने हाक मारणार.' एका पुस्तकाने हजेरीची पद्धत बदलली. हा छोटा बदल आहे काय?

तिसरं होतं उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला', १९८९ सालचं. आंबेडकरी चळवळीतल्या बायांच्या गाठीभेटी घेऊन, त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेलं. ह्या चळवळीतलं जाईबाई चौधरी हे नाव प्रत्येक घरात माहीत पाहिजे. जाईबाई नागपूरच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करीत. मिशनच्या एका बाईने त्यांना शिकवलं व शिक्षिकेची नोकरी दिली. जात कळल्यावर लोकांनी गहजब केला आणि ती नोकरी गेली. जाईबाई परत हमालीला गेल्या नाहीत. त्यांनी १९२२ साली नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्या शाळा काढली. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बाईने शाळा काढली, आणि आपण म्हणतो पुस्तक वाचायला वेळ नाही!

ताईंनी आपल्या धंद्याची म्हणून दोन पुस्तकंही वाचली. धंदा हा शब्द मी मानाने वापरतो, कारण कारागिराने आपल्या कामाचं पुस्तक वाचलंच पाहिजे. एक गुजरातचे गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. गिजुभाई वकील होते. मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवायचं ह्या विचाराने वकिली सोडून शिक्षणाकडे वळले आणि १९२० ला भावनगरला बालमंदिर काढलं. त्या पुस्तकातला मास्तर चौथीचा वर्ग घेतो आणि धड्याऐवजी गोष्टीने सुरुवात करतो. ताईंचाही वर्ग चौथीचाच. दुसरं, जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान'. एका खोडकर मुलीला पहिल्या शाळेने काढून टाकलं. दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी. त्यांच्या शाळेत जुन्या रेल्वेच्या डब्यांत वर्ग भरत. त्यांनी पहिल्या दिवशी त्या मुलीला सांगितलं, तुला काय बोलायचं ते बोल, आणि चार तास तिचं ऐकत बसले. चार तास! पुढे १९४५ ला टोकियोवर झालेल्या बाँबहल्ल्यात ती शाळा जळाली. पण ती मुलगी त्या गुरुजींना विसरली नाही.

ताईंनी वहीवर हिशेब मांडला. 'माझ्या वर्गात तीस पोरं. चार तास कोणाला देऊ शकत नाही. पण प्रत्येकाला चार मिनिटं दिली तरी दोन तास होतात. पहिल्या आठवड्यात रोज सहा पोरं, म्हणजे चोवीस मिनिटं. पाच दिवसांत सगळा वर्ग ऐकून होते.' आम्ही मिलवाले उत्पादनाचा हिशेब करतो, हा माणुसकीचा हिशेब झाला.

आणि आता मूळ गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी त्यांच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर येईनाशी झाली. कापूस वेचणीचा हंगाम. आई-बाप वावरात आणि घरी दीड वर्षाचा भाऊ. ती त्याला सांभाळायला राहिली. ताई दोनदा घरी गेल्या, समजावलं, मुलगी चार दिवस आली आणि परत थांबली. हजेरीपत्रकावर लाल रेघा वाढत गेल्या. ह्या उन्हाळ्यात ताई म्हणाल्या, 'भाऊ, मी तिच्या आईला समजावत होती. पण तिच्या आईकडे उत्तर नव्हतं, कारण तिच्याकडे पाळणाच नव्हता. आता शाळा उघडायच्या आधी मी तिच्या घरी जाणार, आणि समजावणार नाही, पहिले ऐकणार. लहान्या भावाला घेऊन यायचं असेल तर ये म्हणणार. वर्गात एक कोपरा आहे, सतरंजी आहे.' मुख्याध्यापकांशी त्या बोलल्या आहेत. अंगणवाडीच्या बाईंशीही बोलल्या आहेत. मुलगी येईल की नाही, ते मला माहीत नाही. हंगाम पुन्हा नोव्हेंबरात येणारच. पण त्या मुलीचं नाव ह्या वर्षी कटता कटता राहिलं, तर त्याचं मूळ गच्चीवरच्या त्या दीड तासात आहे, हे मी ठामपणे सांगतो.

बंधूंनो, थोडी विश्रांती घेऊन परत कामावर जाणं ही आपल्या परंपरेतली गोष्ट आहे. १८५६ साली सावित्रीबाई आजारी पडल्या आणि नायगावला माहेरी गेल्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्रं लिहिली. ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्या भावाशी झालेला वाद सांगतात, अस्पृश्यांना शिकवण्याचं काम कसं योग्य आहे ते भावाला कसं पटवलं ते सांगतात, आणि बरं वाटलं की पुण्याला परत येते म्हणतात. आपण नसताना शाळेचा भार पडलेल्या फातिमेची त्यांना काळजी आहे. पडून असतानाही त्यांचं डोकं कामावर होतं. वाचणं, विचार करणं आणि कामावर परत जाणं, ही शिकवणाऱ्या बाईची खरी सुट्टी. पण त्यांना पत्र लिहायला निवांतपणा मिळाला, हेही विसरू नका. तो मिळाला म्हणून आज आपल्याकडे ती पत्रं आहेत.

ताईंच्या घरातली एक शेवटची गोष्ट. त्यांची मुलगी सहावीत आहे. तिला वाचायला बस म्हटलं की ती मोबाइल घेऊन बसे. ह्या उन्हाळ्यात आठवडाभर आईला गच्चीवर वाचताना पाहिलं आणि एक दिवस स्वतःच उशी घेऊन वर गेली. ताई म्हणाल्या, 'मी दहा वर्षं पोरांना वाचा वाचा म्हणत आली, पण माझ्या पोरीने मला वाचताना कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं ते फक्त वह्या तपासताना.' आई-बापांनो, हे वाक्य घरी घेऊन जा. सांगून पोरं वाचत नाहीत, पाहून वाचतात.

आता आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होईल. तीन महिने भन्तेजी एका जागी राहतील, आपण विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन करू. चांगली प्रथा आहे. पण मी नेहमी पाहतो, वाचनाला सर्वात उशिरा येतात त्या बाया, आणि सर्वात आधी उठून जातात त्याही बायाच. कारण घरी कणीक भिजवायची असते. म्हणून समितीसमोर आणि आपल्यासमोर मी तीन सूचना ठेवतो.

पहिली. विहारातलं पुस्तकांचं कपाट आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी एक तास, उघडं राहिलं पाहिजे. त्याची चावी दोन तरुण मुलींकडे द्यावी. रजिस्टर त्याच ठेवतील. आज मी ज्या पुस्तकांची नावं घेतली ती त्यात असावीत. वर्गणीतून थोडे पैसे काढले तर येतील.

दुसरी. पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून शाळा उघडेपर्यंत, शिकवणाऱ्या सर्व बायांची दर रविवारी सकाळी इथे बैठक व्हावी. काय वाचलं ते एकीने सांगावं, बाकीच्यांनी ऐकावं. भाषण नको, हार-तुरे नको. आणि त्या वेळी त्यांची लहान पोरं सांभाळायचं काम पुरुष मंडळींनी करावं. मी स्वतः नाव देतो. साच्यावर हजार-हजार चात्या सांभाळल्या, चार पोरं सांभाळता येणार नाहीत काय?

तिसरी सूचना घरोघरची आहे, ठरावाची गरज नाही. ज्या घरात नोकरी करणारी आई आहे, त्या घराने तिला रोज एक तास द्यावा. ती शिक्षिका असो, नर्स असो, की दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी असो. एक तास दिला म्हणजे कोणीतरी नळ भरला पाहिजे, कोणीतरी चहा मांडला पाहिजे. हे कोणी करायचं ते प्रत्येक घराने ठरवावं. आमच्या त्या सासऱ्यांनी ठरवलं, आणि त्यांचं काही कमी झालं नाही. उलट वस्तीत त्यांचा मान वाढला.

लोखंड्यांचा रविवार मिळायला सहा वर्षं लागली. ह्या एका तासाला तर सभा नको, अर्ज नको, सरकारचा कायदाही नको. उद्या पहाटे पाचला नळ येतील. कोण उठतो ते पाहू.